पाच पूर्णांक एक दशांश

आमच्या घरात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या एका अंगाला रेल्वे आहे, दुसऱ्या अंगाला मंगल कार्यालय आहे, आणि वरच्या मजल्यावर तबला शिकणारा एक मुलगा आहे. तो गेली चार वर्षं त्रितालातच आहे. अशा घरात कोणी पदरचे पैसे मोजून आणखी आवाज विकत आणील, असं तुम्हांला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. मी बी. कॉम. झालेला, बावीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस. आवाजाशी माझा धंद्यापुरता संबंध म्हणजे ‘टोकन नंबर सत्तेचाळीस’ असं ओरडणं. ते कामही पुढं मशीननं घेतलं.

पण अप्पांनी एक दिवस वाक्य टाकलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. दात स्वतःचे, पेन्शन स्वतःची, मतं तर फारच स्वतःची. फक्त कान अलीकडे दगा देऊ लागलेत. ‘चहा घेणार का?’ म्हटलं की ते घड्याळाकडं पाहून ‘दहा कसे वाजतील? आत्ता तर साडेआठ’ म्हणतात. टीव्हीचा आवाज अठ्ठेचाळीसवर ठेवावा लागतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःचा टीव्ही विकला तरी त्यांची एकही मालिका चुकणार नाही. तरीही अप्पांची तक्रार होतीच. एका संध्याकाळी ते मालिका अर्ध्यावर सोडून उठले आणि म्हणाले, ‘‘अरे, आवाज पुष्कळ आहे. शब्द नाहीत.’’

आणि गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवसापासून रोजच बसू लागले. आम्ही आत हसायचो. मग दोन सेकंदांनी अप्पा गॅलरीत हसायचे. कशाला हसलो ते न कळता, आम्ही हसलो म्हणून. हा दोन सेकंदांचा उशीर आधी मला गमतीचा वाटला, मग वाटेनासा झाला.

दोष सगळा त्यांच्या कानांचा नव्हता हेही सांगून ठेवतो. हल्लीचे टीव्ही पापडासारखे पातळ असतात. त्यांत स्पीकरला जागा नसते, म्हणून ते खालच्या किंवा मागच्या अंगाला चिकटवलेले असतात. म्हणजे चित्र आपल्याशी बोलतं आणि आवाज भिंतीशी. कानांचे डॉक्टर म्हणाले होते की उतारवयात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. ‘आ’, ‘ओ’ ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही मंडळी वाटेतच गळतात. कानाचं यंत्रही आणलं होतं. ते सध्या ड्रॉवरमध्ये बॅटरीसकट विश्रांती घेत आहे. त्यात बायकोपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो, असं अप्पांचं म्हणणं. यावर आई म्हणाली, ‘‘मग ठेवा की चालू.’’

आता या कहाणीला एक पूर्वपीठिका आहे. ती आमच्या घरात वर्षातून चार वेळा तरी सांगितली जाते. ‘शोले’ १९७५ च्या पंधरा ऑगस्टला लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक चालला. अप्पांनी तो तिथं १९७६ साली, नव्या नवरीला घेऊन, गिरगावातल्या चाळीतून चालत जाऊन पाहिला. सत्तर एमेमचा भव्य पडदा आणि सहा पट्ट्यांवरचा स्टिरिओफोनिक आवाज. शेवटी जय मरतो, वीरू ते दोन्ही बाजूंनी सारखंच असलेलं नाणं पाहतो आणि भिरकावून देतो. ते नाणं खणखणत अप्पांच्या मागे जाऊन पडलं. अप्पा खुर्चीखाली वाकून शोधू लागले. ‘‘सगळं थिएटर वाकलं होतं,’’ अप्पा सांगतात.

‘‘काही नाही,’’ आई सांगते. ‘‘यांच्या खिशातून चाळीची किल्ली पडली होती. ती शोधत होते.’’

या मुद्द्यावर आमच्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं खटला चालू आहे आणि दोन्ही पक्ष दमलेले नाहीत.

मार्च २०२४ मध्ये आमचा बारावा द्विपक्षीय वेतनकरार झाला आणि मागची थकबाकी हातात आली. थकबाकी हा पैसा मोठा चमत्कारिक. तो आपलाच असतो, पण सापडल्यासारखा वाटतो. त्याच सुमारास आमच्या शाखेतल्या हेड कॅशिअरची बदली झाली. त्यांनी आपला रिसीव्हर आणि सहा स्पीकर अठरा हजारांना काढले होते. ‘‘घेऊन टाका,’’ ते म्हणाले. ‘‘फाइव्ह पॉइंट वन आहे. नाणं तर सोडाच, माशी उडाली तरी मागं वळून पाहाल.’’ नाणं म्हटल्यावर मी सही करून मोकळा झालो. डिस्क प्लेअर घरात होताच, २०१० साली घेतलेला. एकशे बारा डिस्कही होत्या. मी त्या मुदत ठेवींच्या पावत्यांसारख्या गोदरेजच्या कपाटात जपल्या आहेत. आमचे चिरंजीव त्या कपाटाला ‘वस्तुसंग्रहालय’ म्हणतात. त्याच्या पिढीला सिनेमा हवेतून येतो.

माझ्यातल्या कारकुनाला पहिला प्रश्न पडला तो ‘पॉइंट वन’चा. आख्ख्या बँकेत एक दशांश माणूस मी फक्त ऑडिटच्या दिवशी पाहिला आहे. कॅशिअरसाहेबांनी खुलासा केला. पाच स्पीकर म्हणजे समोर डावा, समोर उजवा, मधला आणि मागे दोन. सहावी ती सबवूफर नावाची जाडजूड पेटी. डिस्कवर तिच्यासाठी जी वेगळी पट्टी असते तिच्यात फक्त घनगंभीर खर्जाचे आवाज, सुमारे १२० हर्ट्झच्या खालचे. बाकीच्यांच्या मानानं कामाचा पल्ला एवढासाच, म्हणून हजेरीपटावर तिला एक दशांश धरतात. आकारानं आणि वजनानं मात्र सगळ्यांत थोर. अशी माणसं आमच्याकडं हेड ऑफिसला असतात.

रविवारी सकाळी जोडाजोड झाली. प्लेअरच्या मागे लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन वायरी होत्या. पिवळी चित्राची. लाल-पांढरी मी रिसीव्हरमध्ये खुपसल्या, एक बटण दाबलं आणि सहाही पेट्या एकदम बोलू लागल्या. मी धन्य झालो. आठ दिवस येईल त्याला सोफ्यावर बसवून ऐकवलं. कॅशिअरसाहेब नव्या गावाहून शनिवारी आले, दोन मिनिटं ऐकलं आणि त्यांचा चेहरा खोटी नोट हातात आल्यासारखा झाला.

‘‘हे सराउंड नाही हो,’’ ते म्हणाले. ‘‘ही एकाच नोटेची पाच झेरॉक्स आहेत.’’

लाल-पांढऱ्या जोडीतून दोनच आवाज जातात, डावा आणि उजवा. रिसीव्हर बिचारा तेच दोन सगळ्यांना वाटत होता. डिस्कवर डॉल्बीचे किंवा डीटीएसचे सहाही आवाज एकत्र घड्या घालून भरलेले असतात. ते जसेच्या तसे न्यायचे तर डिजिटल वायर हवी. मी साडेतीनशे रुपयांची ऑप्टिकल वायर आणली. हिच्यात वीज जात नाही, लाल उजेड जातो. जोडली, आणि मागचे दोन्ही स्पीकर ठार मुके झाले. आधी निदान झेरॉक्स तरी ऐकू येत होत्या.

तीन रात्री मी ‘सेटअप’ नावाच्या जंगलात फिरलो. शेवटी एका कोपऱ्यात सापडलं. ‘डिजिटल आउटपुट : पीसीएम / बिटस्ट्रीम’. प्लेअर २०१० पासून पीसीएमवर बसून होता. इतका काळ एकाच टेबलावर मी फक्त आमच्या शाखेतल्या शिपायाला पाहिलं आहे. या दोन शब्दांचा अर्थ मला बँकेच्या भाषेतच कळला, तसाच सांगतो. बिटस्ट्रीम म्हणजे नोटांची सीलबंद पेटी जशीच्या तशी रिसीव्हरकडे रवाना करायची. सील तो तोडील आणि सहा खात्यांत सहा रकमा तोच भरील. पीसीएम म्हणजे प्लेअरनंच पेटी फोडून नोटा मोकळ्या करायच्या. आणि या ऑप्टिकल वायरीतून मोकळ्या नोटांच्या एका वेळी दोनच गड्ड्या जातात. मग सहांचे दोन करूनच पाठवावं लागतं. (ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडीसारखे भारी प्रकार या वायरीला सीलबंदसुद्धा पेलत नाहीत, त्यांना एचडीएमआय लागते. माझा प्लेअर साधा डीव्हीडीचा, त्याला एवढं पुरे.)

बिटस्ट्रीम केलं. तरीही मागचे गप्प. इथं मी हात टेकले होते. पण चिरंजीव सहज म्हणाले, ‘‘बाबा, तू डिस्कच्या मेनूत स्टिरिओ ठेवलंयस.’’ डिस्कवर आवाजाच्या दोन पट्ट्या होत्या, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी मेनूत जाऊन ‘५.१’ आपणच निवडायचं होतं. निवडलं. रिसीव्हरच्या कपाळावर ‘डॉल्बी डिजिटल’ अशी निळी अक्षरं उमटली आणि माझ्या पाठीमागे पाऊस पडू लागला. हिनं आतून ओरडून विचारलं, ‘‘अहो, कपडे काढले का?’’ आयुष्यात मला याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळालेलं नाही.

१९३१ साली ॲलन ब्लुमलाइन नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट पाहायला गेला होता. नट पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो आणि त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येतो, याचा त्याला वैताग आला. आवाज माणसाच्या मागोमाग चालवता येईल, असं त्यानं तिला सांगितलं आणि त्याच वर्षी स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला. त्याची होणारी बायको यावर काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. माझी काय म्हणाली ते सांगू शकतो. ती म्हणाली, ‘‘हे मागचे दोन डबे कायम इथंच राहणार?’’

डब्यांची जागा हा पुढचा अध्याय. यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. ऐकणाऱ्याच्या नाकासमोर शून्य अंश धरायचा. पुढचे दोन स्पीकर तीस-तीस अंशांवर, मागचे दोन शंभर ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान. म्हणजे अगदी पाठीमागे नव्हे, कानांच्या बाजूला आणि जरा मागे. मी चिरंजिवांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन सोफ्यावर उभा राहिलो. उजवीकडं एकशेदहा अंशांवर स्वयंपाकघराचं दार निघालं. डावीकडं एकशेदहा अंशांवर देव्हारा.

‘‘देवाच्या डोक्यावर ढिशूम ढिशूम चालणार नाही,’’ आई म्हणाली.

संघटनेनं वीस अंशांची सवलत का ठेवली असेल ते मला त्या क्षणी कळलं. ज्यानं हा नियम लिहिला त्याच्याही घरी कोणीतरी असणार. दोन्ही स्पीकर एकशेअठरावर, कानांच्या वर दोन फूट, असा तह झाला. पण सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर मागे एकशेअठरा आणायचे कुठून? सोफा दोन फूट पुढं ओढावा लागला. आता आमच्या दहा बाय सोळाच्या दिवाणखान्यात पाहुणा आला की त्याचे गुडघे टीपॉयला आणि पाठ मोकळ्या हवेला लागते. पण भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाच्या मागे नाणं पडणार तरी कुठं, असा माझा बिनतोड सवाल होता.

सबवूफरचं निराळंच. खर्ज कुठून येतो ते कानाला कळत नाही, म्हणून ही पेटी कुठंही ठेवा म्हणतात. पण खोलीत काही जागी खर्ज साचतो आणि काही जागी नाहीसा होतो. कोपऱ्यात ठेवली तर स्वयंपाकघरातल्या ताटल्या तालावर नाचू लागल्या. योग्य जागा शोधायची एक मान्यताप्राप्त रीत आहे. पेटी उचलून आपण बसतो तिथं, सोफ्यावर ठेवायची. जाडजूड आवाजाचं गाणं लावायचं. आणि आपण कान जमिनीशी ठेवून खोलीभर रांगायचं. जिथं खर्ज स्वच्छ ऐकू येईल ती पेटीची जागा.

मी बर्म्युडा घालून रांगत होतो. सोफ्यावर अप्पांच्या जागी पेटी विराजमान होती. दार उघडंच होतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी मेन्टेनन्सची पावती घेऊन आत आले. मी तेव्हा टीव्हीच्या टेबलाखाली होतो. त्यांनी हिच्याकडं पाहिलं.

‘‘काही हरवलंय का?’’

‘‘नाही,’’ ही शांतपणे म्हणाली. ‘‘खर्ज शोधताहेत.’’

‘‘कर्ज?’’ सेक्रेटरी दचकले. ‘‘बँकेत असून?’’

त्यानंतर दोन महिने त्यांनी आमच्याकडं मेन्टेनन्सचा तगादा लावला नाही. खर्ज शेवटी चपलांच्या कपाटाशेजारी सापडला.

एक चूक मात्र माझी एकट्याची. स्पीकरला दोन तारा असतात, लाल खुणेची लालला आणि काळी काळीला. समोरच्या उजव्याला मी उलट्या जोडल्या होत्या. डेबिटच्या जागी क्रेडिट. त्यामुळं दोन्ही समोरचे एकमेकांच्या रकमा खोडत होते आणि आवाज पोकळ, बिनहाडाचा येत होता. बावीस वर्षांच्या नोकरीत अशी चूक झाली नव्हती. झाली असती तर हे वाचायला मिळालं नसतं.

मग आवाज जुळवायचा दिवस उजाडला. टेपनं प्रत्येक स्पीकर किती फुटांवर आहे ते मोजून रिसीव्हरला कळवायचं. आवाज एका मिलिसेकंदाला फुटाहून थोडा अधिक चालतो, त्या हिशेबानं तो जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो, म्हणजे सगळे एकाच वेळी कानाशी पोचतात. पुढं रिसीव्हर एकेका स्पीकरमधून ‘शूऽऽऽ’ असा आवाज सोडतो, आणि बसायच्या जागी सगळ्यांचा जोर सारखा भरला पाहिजे, साधारण पंचाहत्तर डेसिबल. मोजायला फोनवर ॲप मिळतं. पहिल्या ‘शूऽऽऽ’ला आई गॅस बंद करायला धावली.

बसायची जागा अप्पांची, म्हणून मी त्यांनाच गॅलरीतून आणून बसवलं. म्हटलं, कुठून आवाज येतोय ते फक्त बोटानं दाखवा. त्यांना मौज वाटली. समोर डावा, बरोबर. मधला, त्यांनी बोट केलं पण थोडं शोधून. समोर उजवा, बरोबर. मग आवाज मागच्या उजव्यात गेला. मला स्वच्छ ऐकू येत होता. ॲप पंचाहत्तर दाखवत होतं.

अप्पा बोट वर करून वाट पाहत होते.

‘‘सोड की,’’ ते म्हणाले.

मी रिमोटवर तीन डेसिबल वाढवले. मग सहा. आतून ही कानांवर हात ठेवून बाहेर आली. अप्पा अजून थांबलेलेच.

‘‘बंद पडला का रे?’’

‘‘हो, वायर सुटली वाटतं,’’ मी म्हणालो आणि उगाच मागे जाऊन वायरीशी चाळा करीत बसलो. उजवा कान जरा आळशी आहे, असं ते दोन वर्षं म्हणत होते आणि आम्ही तो शब्द तसाच जमेला धरला होता. शिल्लक कोणी तपासली नव्हती. अठरा हजारांचे स्पीकर, दोन फूट सरकलेला सोफा आणि एकशेअठरा अंश यांचा हिशेब मला त्या वेळी लागेना.

त्या रात्री मी कॅशिअरसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘सेंटर कुठं ठेवलाय?’’

सेंटर म्हणजे तो मधला स्पीकर. तो दिसायला आडवा आणि बेंगरूळ असल्यामुळं हिच्या सूचनेवरून शोकेसमध्ये ठेवला होता. पुढं काच, शेजारी ताजमहाल, वर क्रोशाचा रुमाल.

‘‘अहो,’’ ते कळवळून म्हणाले, ‘‘सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं त्याच्यातून येतं. बाकीचे पाच म्हणजे बँडवाले. नवरदेवाला तुम्ही कपाटात कोंडलाय.’’

दुसऱ्या दिवशी ताजमहाल हलला. सेंटर शोकेसच्या बाहेर, टीव्हीच्या बरोबर खाली, पुढच्या कडेला आणला. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानांच्या मानानं तो खाली बोलत होता, म्हणून पुढच्या बाजूला दोन खोडरबरं सारून त्याचं तोंड वर केलं. मग नियम बाजूला ठेवून त्याचा जोर बाकीच्यांपेक्षा चार डेसिबल वाढवला. सबवूफर तीननं उतरवला. रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ नावाची सोय निघाली. ती मोठे आवाज दाबून लहान वर काढते, म्हणजे मारामारी शेजाऱ्यांना झेपते आणि कुजबुज म्हाताऱ्यांना ऐकू येते. ती केली असती तरी ॲपनं मला नापास केलं असतं. ॲप मी काढूनच टाकलं.

अप्पांची बसायची जागाही एक फूट उजवीकडं सरकवली, म्हणजे डावा कान सेंटरच्या समोर आला. चाचणी म्हणून बातम्या लावल्या. अप्पा चार मिनिटं ऐकत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘या बाईंचं मराठी फार वाईट आहे.’’

म्हणजे शब्द पोचत होते.

पुढच्या रविवारी दुपारी ‘शोले’ लावला. माझ्या डिस्कवरचा आवाज नव्यानं ५.१ मध्ये बसवलेला आहे, मिनर्व्हातला नव्हे, हे मला माहीत होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. खिडक्या लावल्या, पडदे ओढले. आई पूर्वी मिनर्व्हात बसली होती तशीच अप्पांच्या डाव्या हाताला बसली. म्हणजे त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला. तिला जागा बदलायला सांगायची माझी हिंमत झाली नाही, पण ती तीन तास जवळजवळ काही बोलली नाही याची नोंद इथं केली पाहिजे.

आगगाडी डावीकडून उजवीकडं गेली. चिरंजीव फोन खाली ठेवून बघू लागले. असरानीच्या जेलरनं तोंड उघडलं आणि अप्पा हसले. आमच्या आधी! त्यांना संवाद पाठ आहेत म्हणून हसले की ऐकू आलं म्हणून, ते मी विचारलं नाही. दोन सेकंदांची ती जुनी थकबाकी मात्र त्या दुपारी कुठं दिसली नाही. मध्ये एकदा त्यांनी मला ढोसून ‘‘ऐकलंस का?’’ असंही विचारलं. गेली दोन वर्षं हा प्रश्न घरात मी त्यांना विचारत होतो.

जय गेला तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. वीरूनं तळहातावरचं नाणं उलटं करून पाहिलं. मी पडद्याकडं बघतच नव्हतो. मी अप्पांकडं बघत होतो. नाण्याचा आवाज म्हणजे अगदी वरच्या पट्टीतला, डॉक्टरांच्या त्या कागदावर रेघ जिथं खाली कोसळते नेमक्या तिथला. वीरूनं हात झटकला. माझ्या कानांना तरी ते नाणं खणखणत उजव्या अंगानं मागे गेल्यासारखं वाटलं. आणि उजवा तर अप्पांचा गेलेला कान.

अप्पा हलले नाहीत. पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला.

मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, एक हात सोफ्याच्या दांडीवर रोवला आणि सावकाश, गुडघ्यांचा आवाज करीत खाली वाकले. सोफ्याखाली डोकं घालून ते बराच वेळ बघत राहिले.

‘‘आजोबा, काय पडलं?’’ चिरंजिवांनी विचारलं.

त्यांना ते ऐकू आलं नाही. उत्तर आईनं दिलं.

‘‘नाणं शोधताहेत,’’ ती म्हणाली. ‘‘त्या दिवशीही अस्सेच वाकले होते.’’

‘‘आणि किल्ली?’’ मी विचारलं.

‘‘किल्ली माझ्याकडं होती,’’ आई म्हणाली, आणि त्यांना वर घ्यायला तिनं हात पुढं केला.